बृहस्पतीचे बारा, कायद्याचे दहा : नाशिकचे नियोजन आणि एक विसरलेली अक्षयनीवी

धागा. विषय : नाशिक, गोदावरी आणि दोन हजार वर्षांपूर्वीचा एक हिशेब. थोडा दीर्घ आहे. परंतु आरंभीचे गणित ध्यानात ठेवल्यास शेवट आपोआप उलगडेल.

नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे शिलालेख आहेत. त्यांतील एक लेख वरवर पाहता दानपत्र आहे; वस्तुतः तो नगरव्यवहाराचा दस्तऐवज आहे. उषवदाताने लेणे कोरवून भिक्षुसंघास दिले आणि त्याबरोबरच तीन हजार कार्षापण अक्षयनीवी म्हणून ठेवले. अक्षयनीवी म्हणजे कधीही न मोडावयाचे मूळ भांडवल. हे द्रव्य त्याने राजकोषात ठेवले नाही, संघाच्या हातीही दिले नाही. गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ते ठेव म्हणून सोपवले. एका श्रेणीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक या दराने. दुसरीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण या दराने.

आता गणित. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस कार्षापण, वर्षाला दोनशे चाळीस. लेखात याच व्याजातून वर्षावासास राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी देण्याची तरतूद आहे. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. एक नाणे कमी नाही, एक अधिक नाही. मुद्दल परत मागावयाचे नाही, केवळ व्याजाचा उपभोग घ्यावयाचा, असे लेखात स्पष्ट नोंदले आहे. हा सारा व्यवहार निगमसभेत ऐकवून नोंदवहीत घातला गेला, हेही त्यात आहे.

इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातील नाशिकमध्ये, म्हणजे, वास्तू उभारणाऱ्याने तिच्या वापराचा आवर्ती खर्च आधी मोजला होता, त्याची सोय लावली होती आणि नगराच्या सभेस साक्षीदार केले होते. ज्या गोवर्धनाच्या श्रेणींकडे ही ठेव होती ते गोवर्धन म्हणजे शहराच्या पश्चिमेचे आजचे गोवर्धन-गंगापूर, असे अभ्यासक मानतात. नाशिकला पाणी देणारे गंगापूर धरण त्याच परिसरात आहे. भूगोल कधी कधी असा खोडकरपणा करतो.

आधुनिक नाशिकच्या नागरी प्रकल्पांचा इतिहास वाचताना या लेखाची आठवण पुनःपुन्हा होते, आणि ती सुखद नसते. या शहराने बांधले पुष्कळ. बांधलेले टिकावे यासाठी नीवी मात्र क्वचितच ठेवली.

नाशिकचे वेगळेपण आधी समजून घ्यावयास हवे. सिंह राशीत गुरूचा प्रवेश झाला की सिंहस्थ. गुरूची सूर्याभोवतीची एक प्रदक्षिणा सुमारे ११.८६ वर्षांत पूर्ण होते, म्हणून साधारण बारा वर्षांनी हा मेळा भरतो : १९९१, २००३, २०१५ आणि आता २०२७. जगातील कोणत्याही महापालिकेच्या अभियंत्याला इतके निश्चित वेळापत्रक मिळालेले नसेल. निवडणुकीची तारीख बदलते, अनुदानाची बदलते, पावसाची तर बदलतेच. सिंहस्थाची तारीख शतकभर आधी सांगता येते. तरीही प्रत्येक सिंहस्थाची कामे अखेरच्या दोन-अडीच वर्षांत, घाईने, पावसाळ्याच्या तोंडावर संपवली जातात. दूरदृष्टीसाठी याहून सोपी परीक्षा नियतीने कोणत्याही शहरापुढे ठेवली नसेल.

परीक्षा सोपी, पण जागा अवघड. प्रयागचा मेळा माघात भरतो. तेव्हा गंगा ओसरलेली असते, वाळूचे विस्तीर्ण पात्र उघडे पडते आणि त्यावर तात्पुरते नगर वसते. मेळा संपला की पुढच्या पुरात ती जागा पुन्हा नदीची होते. नाशिकची मुख्य स्नाने श्रावण-भाद्रपदात येतात. गोदावरी भरलेली असते, पात्र अरुंद असते, दोन्ही तीरांवर जुने गाव दाटीने वसलेले असते. मोकळी वाळू नाही, म्हणून साधूंसाठी शहराचीच जमीन लागते. प्रयागचे नियोजन नदी करते. नाशिकचे नियोजन माणसांना करावे लागते.

पूर्वीच्या माणसांनी ते कसे केले? जुने नाशिक टेकड्यांवर वसले. नऊ शिखरांवरून नाव पडल्याची व्युत्पत्ती भाषाशास्त्राला मान्य होवो न होवो, वस्ती उंचवट्यांवर आणि बाजार उतारावर ही रचना डोळ्यांना दिसते. १९५०-५१ मध्ये डॉ. ह. धी. सांकळिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी गोदाकाठच्या जुन्या गढीवर उत्खनन केले, तेव्हा सातवाहनकाळाच्याही मागे जाणारे वस्तीचे थर मिळाले. लोक तेथे सहस्रकांपूर्वी राहत होते, कारण तेथे पूर पोहोचत नव्हता.

नदीत उतरण्याची सोय नंतर झाली. रामकुंड १६९६ मध्ये खटावच्या चित्रराव खटावकरांनी बांधले आणि पुढे माधवराव पेशव्यांच्या मातोश्री गोपिकाबाई यांनी त्याची दुरुस्ती केली, अशी नोंद आढळते. या नोंदीत बांधणाऱ्याच्या नावाला जोडून दुरुस्ती करणारीचेही नाव आहे, हे लक्षात घ्यावे. आजच्या कोनशिलांवर उद्घाटकाचे नाव असते, कधी भूमिपूजन करणाऱ्याचेही. दुरुस्ती करणाऱ्याचे नाव शोधूनही सापडत नाही.

पेशवाईत गोदातीर बहरला. नारोशंकरांचे मंदिर १७४७ चे, सुंदरनारायण १७५६ चे. काळारामाचे भव्य मंदिर सरदार रंगराव ओढेकरांनी त्या शतकाच्या उत्तरार्धात उभारले. नारोशंकराच्या मंदिरावरील घंटा १७२१ ची, पोर्तुगीज घडणीची आणि वसईच्या विजयाची स्मृती म्हणून आणलेली. नाशिककरांनी या घंटेला एक नागरी काम दिले : पूर तिला लागला की संकट मोठे. नदीपात्रातला दुतोंड्या मारुती हे त्याहून सूक्ष्म मोजमाप. पाणी मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला... आजही पावसाळ्यात शहरभर हाच आकडा विचारला जातो. पाटबंधारे खात्याचे क्युसेक नंतर येतात, मारुती आधी. इतक्या साध्या भाषेत सांगितलेली पूररेषा भारतातील फार थोड्या शहरांजवळ असेल.

गर्दीचेही एक नियोजन त्या काळी झाले. सिंहस्थात प्रथम स्नान कोणाचे या वादातून शैव आणि वैष्णव आखाड्यांत अठराव्या शतकात रक्तरंजित संघर्ष झाला. त्यानंतर शैवांचे स्नान त्र्यंबकेश्वरी आणि वैष्णवांचे नाशिकच्या रामकुंडावर अशी विभागणी रूढ झाली. हेतू भांडण मिटवण्याचा होता. परिणामी गर्दी दोन गावांत विभागली गेली. आणि ही व्यवस्था आजतागायत टिकली. नाशिकच्या इतिहासातील सर्वांत दीर्घायुषी नियोजननिर्णय कोणता, असा प्रश्न आल्यास हेच उत्तर द्यावे लागेल. त्यावर सिमेंटचे एक पोतेही खर्च झाले नाही.

ब्रिटिश अमदानीत, १८६४ मध्ये, नाशिकला नगरपालिका मिळाली. रेल्वे आली ती गावापासून आठ-नऊ किलोमीटर दूर, आजच्या नाशिक रोडला. हे अंतर जोडण्यासाठी १८८९ मध्ये ट्रामवे सुरू झाला. आरंभी चार घोडे डबे ओढत. पुढे पेट्रोलवरचे इंजिन आले. या मार्गाचे सल्लागार अभियंता एव्हरार्ड कॅल्थ्रॉप पुढे बार्शी लाइट रेल्वेमुळे जगभर नावाजले गेले. दुष्काळ, प्लेग आणि तोटा यांनी जर्जर झालेली ट्राम १९३०-४० च्या दशकाच्या आरंभी बंद पडली. त्यानंतर नव्वद वर्षांनी, १ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रो निओसाठी २,०९२ कोटी रुपयांचा केंद्रीय वाटा जाहीर झाला. रबरी टायरांची, उन्नत मार्गावरून धावणारी ती गाडी रुळावर येणार नव्हतीच. रस्त्यावरही आली नाही. घोड्यांची ट्राम निदान चार दशके धावली.

विसाव्या शतकाची खरी गुंतवणूक पाण्यात झाली. दारणा नदीवरचे धरण १९१६ चे, त्याच सुमाराचा नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा. दोहोंनी निफाड-कोपरगावचा पट्टा ओलिताखाली आणला. नांदूर मध्यमेश्वरला २०२० मध्ये राज्यातील पहिले रामसर स्थळ म्हणून मान्यता मिळाली, हा त्या बंधाऱ्याच्या अभियंत्यांच्या स्वप्नातही नसलेला लाभ. नाशिकपुरते सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गंगापूर धरण. जवळपास चार किलोमीटर लांबीचे, मातीचे, १९६५ मध्ये पूर्ण झालेले. द्राक्षबागा, सातपूर-अंबडचे कारखाने आणि लाखो घरांचे नळ याच भांडवलावर उभे राहिले.

१९०१ च्या जनगणनेत नाशिकची लोकसंख्या सुमारे एकवीस हजार होती. २०११ मध्ये ती १४ लाख ८६ हजारांवर गेली. धरणाची क्षमता मात्र उलट दिशेने गेली. सात टीएमसीहून अधिक असलेली साठवण गाळामुळे साडेपाच टीएमसीच्या आसपास उरली आहे. उषवदाताच्या भाषेत सांगायचे, तर मुद्दलच झिजले. ही तूट भरून काढण्यासाठी सुचवलेले किकवी धरण दीड दशकाहून अधिक काळ कागदावर राहिले आणि दरम्यान त्याची किंमत फुगत गेली. त्यातच १९७६ मध्ये पैठणला जायकवाडी पूर्ण झाले होते, आणि २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने खोऱ्यातील पाण्याच्या समन्यायी वाटपाचा दंडक घातला. म्हणजे नाशिकने आपल्या धरणाकडे कितीही ममत्वाने पाहिले, तरी ते पाणी एकट्या नाशिकचे नाही. मराठवाड्याचा हा हक्क न्यायालयानेही मान्य केला आहे, आणि तो न्याय्य आहे. प्रश्न आपल्या वाट्याच्या पाण्याच्या हिशेबाचा आहे.

७ नोव्हेंबर १९८२ रोजी नाशिक, नाशिक रोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका व भोवतालची बावीस गावे एकत्र करून महानगरपालिका स्थापन झाली. पहिली निवडणूक झाली १९९२ मध्ये. म्हणजे १९९१ चा सिंहस्थ प्रशासकाच्या अमलात पार पडला. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर पुन्हा जवळपास चार वर्षे प्रशासकच होता, आणि २०२७ च्या सिंहस्थाची पायाभरणी त्याच काळात झाली. निर्वाचित सभागृह असते तर कामे निर्दोष झाली असती, असे कोणी म्हणणार नाही. तथापि उषवदाताने आपला व्यवहार निगमसभेला ऐकवला होता. नाशिकच्या दोन सिंहस्थांचे निर्णय ऐकायला सभाच नव्हती.

आता २००३. २७ ऑगस्ट रोजी, शाही स्नानाच्या दिवशी, रामकुंडाकडे जाणाऱ्या सरदार चौकाच्या चिंचोळ्या उतारावर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ माणसे मृत्युमुखी पडली. साधूंनी उधळलेली नाणी वेचण्यासाठी लोक वाकले, असे सांगितले गेले. ते खरे असेलही. परंतु माणूस वाकला म्हणून मरतो तो रस्ता अरुंद असतो म्हणून, अडथळे चुकीच्या जागी असतात म्हणून, परतीची वाट वेगळी नसते म्हणून. मिरवणुकीच्या त्या मार्गाची रुंदी काही त्या वर्षी ठरलेली नव्हती. ती पेशवाईपासून सर्वांना ठाऊक होती, आणि आधीच्या प्रत्येक सिंहस्थाने ती नव्याने दाखवली होती.

त्याच सिंहस्थाच्या तयारीत रामकुंड परिसरातील नदीचा तळ काँक्रीटने मढवण्यात आला. हेतू वाईट नव्हता : चिखल नको, पाय घसरू नयेत, सफाई सोपी व्हावी. परंतु गोदापात्रातील जुनी कुंडे केवळ दगडी हौद नव्हती. त्यांच्या तळाशी झरे होते. काँक्रीटखाली कुंडांची ओळखही गेली आणि झरेही कोंडले गेले. रामकुंड मग धरणातून सोडलेल्या आवर्तनावर जगू लागले.

परिणाम दिसायला तेरा वर्षे लागली. एप्रिल २०१६, दुष्काळाचे वर्ष. रामकुंड कोरडे पडले. १३९ वर्षांत प्रथमच, असे वृत्तपत्रांनी लिहिले. गुढीपाडव्याच्या स्नानासाठी कुंडात टँकरने पाणी ओतावे लागले. हा प्रसंग तारखेनिशी लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण सिंहस्थ पर्व तेव्हा पंचांगानुसार अजून संपलेलेही नव्हते. ज्या कुंडासाठी दोन हजार कोटींहून अधिक रुपयांचा आराखडा राबवला गेला, त्या कुंडात त्याच पर्वात टँकर रिकामा होत होता. पुढे न्यायालयीन लढाई आणि नागरिकांचा पाठपुरावा यांमुळे काही कुंडांवरील काँक्रीट काढण्याचे काम हाती घेण्यात आले. घालण्याचा खर्च एकदा, काढण्याचा दुसऱ्यांदा. दोन्ही वेळा करदाता तोच.

गोदापार्कची कथा याच सुरात वाजते. एकविसाव्या शतकाच्या आरंभी नदीकाठी सुंदर पदपथ, हिरवळ, बाक असा उपक्रम झाला. १९ सप्टेंबर २००८ च्या पुराने त्याची दैना केली. काही वर्षांनी नव्या राजवटीत, नव्या नकाशासह आणि खासगी उद्योगसमूहाच्या साहाय्याने गोदापार्क पुन्हा अवतरला. ऑगस्ट २०१६ च्या पुराने त्यालाही धडा शिकवला. त्यानंतर स्मार्ट सिटीचा गोदा प्रकल्प. राजकीय पक्ष वेगळे, आराखडे वेगळे, कंत्राटदार वेगळे, पूररेषा तीच. १९६९ च्या सप्टेंबरात महापुराने सराफ बाजार आणि भांडी बाजार बुडवले, तेव्हा गंगापूर धरण बांधून पूर्ण झाले होते. म्हणजे धरणामुळे पूर संपले, हा समज त्याच वर्षी वाहून गेला होता. २००८ नंतर निळ्या आणि लाल पूररेषा नकाशावर काढल्या गेल्या. दुतोंड्या मारुतीने ती माहिती विनामूल्य दिली होती.

येथे दुसरी बाजू न मांडणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. सिंहस्थ नसता, तर नाशिकला वळणरस्ते, पूल, रुग्णालयाच्या इमारती, मलनिस्सारणाच्या वाहिन्या यांसाठी राज्याचा निधी इतक्या प्रमाणात मिळाला असता का? बहुधा नाही. राज्यातील इतर मध्यम शहरांकडे पाहिल्यास हे पटते. २०१५ चा सिंहस्थ २००३ च्या तुलनेत निश्चितच अधिक सुरक्षित झाला. तपोवन, दसक, नांदूर अशा ठिकाणी नवे घाट बांधून गर्दी रामकुंडापासून दूर खेचण्यात आली आणि तशी दुर्घटना पुन्हा घडली नाही. २९ ऑगस्टच्या पहिल्या स्नानाला बंदोबस्त इतका कडक होता की भाविकांनाच नदी गाठता येईना, अशी टीका झाली. पुढच्या स्नानांना तो सैल करण्यात आला. म्हणजे यंत्रणा दोन आठवड्यांत शिकू शकते. मूळचे नाशिकचे असलेले एमआयटीचे प्राध्यापक रमेश रासकर यांच्या पुढाकाराने झालेल्या कुंभथॉनमधून तरुण अभियंत्यांनी गर्दी मोजण्याच्या, हरवलेल्यांना शोधण्याच्या कितीतरी युक्त्या घडवल्या. बुद्धीचा आणि उमेदीचा या शहरात कधीच तुटवडा नव्हता.

तुटवडा आहे तो सातत्याचा, आणि त्यामागे घड्याळांचा घोळ आहे. गुरूचे घड्याळ बारा वर्षांचे. सभागृहाचे पाच वर्षांचे. आयुक्तांचे नावापुरते तीन वर्षांचे. २०१८ मध्ये तुकाराम मुंढे नऊ महिन्यांत बदलून गेले. विकास आराखड्याचे वीस वर्षांचे : १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यानुसार तेवढ्या अवधीत तो सुधारावयाचा असतो. नाशिक महापालिकेचा पहिला आराखडा १९९३ चा, दुसरा २०१७ चा. मधल्या काळात एक प्रारूप वादात सापडून रद्द झाले आणि दुसरे नव्याने करावे लागले. आणि त्याच कायद्यात आणखी एक घड्याळ आहे, ज्याकडे कोणी पाहत नाही.

कलम १२७. आराखड्यात सार्वजनिक कामासाठी आरक्षित केलेली जमीन दहा वर्षांत संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो; ठरावीक मुदतीत संपादनाची पावले न उचलल्यास आरक्षण आपोआप संपते. मालकाच्या दृष्टीने हे कलम न्याय्यच आहे. कोणाच्या शेतावर पिढ्यान्‌पिढ्या आरक्षणाचा शिक्का मारून मोबदला न देणे हा अन्यायच होय. पण सिंहस्थ बारा वर्षांनी येतो आणि आरक्षण दहा वर्षांनी सुटू शकते. दोन वर्षांची ही फट नाशिकच्या नियोजनातील सर्वांत महाग फट आहे.

तपोवनातील साधुग्राम हे तिचे जिवंत उदाहरण. साधूंच्या निवासासाठी तीनशेहून अधिक एकर लागतात, हे २०१५ ने दाखवले. त्यांपैकी महापालिकेच्या ताब्यात शंभर एकरांहूनही कमी. उरलेली जमीन शेतकऱ्यांची. दर सिंहस्थाला ती भाड्याने घ्यायची, सपाट करायची, तात्पुरते नळ आणि शौचालये उभारायची, मेळा संपल्यावर सारे काढून टाकायचे. आणि पुढच्या वेळी वाढलेल्या भावाने पुन्हा तीच विनवणी. शेतकरी म्हणतात, रोख मोबदला द्या आणि जमीन घ्या. प्रशासन विकास हक्क हस्तांतरणाचा पर्याय पुढे करते. बारा वर्षे हा संवाद थांबलेला असतो आणि अखेरच्या दोन वर्षांत अचानक तातडीचा होतो.

या तातडीची किंमत २०२५ च्या अखेरीस झाडांच्या रूपाने पुढे आली. महापालिकेच्या स्वतःच्या जागेवर वाढलेली सतराशे-अठराशे झाडे साधुग्रामासाठी हटवण्याचा प्रस्ताव आला आणि नाशिककर रस्त्यावर उतरले. प्रकरण हरित न्यायाधिकरणापर्यंत गेले. दोन्ही बाजूंनी धर्म आणि पर्यावरण असे ध्वज उभे केले. वाद त्या दोहोंत नव्हताच. झाडे एका रात्रीत उगवत नाहीत. सिंहस्थाची जागा आहे हे ठाऊक असताना तेथे वृक्षराजी वाढू दिली गेली, आणि वृक्षराजी आहे हे दिसत असताना पर्यायी जागा घेतली गेली नाही. तपोवन हे नाव ज्या भूमीला रामकथेने दिले, तिथे तप की वन अशी निवड करण्याची वेळ यावी, यात दोष कोणत्याही एका पिढीचा नाही.

जपानमधील इसे येथील शिंतो देवस्थान दर वीस वर्षांनी मोडून नव्याने बांधले जाते. तेराशे वर्षांची ही परंपरा आहे. मधल्या यादवी युद्धांच्या काळात ती खंडित झाली आणि पुन्हा सुरू झाली. बांधकामाला मोठे सायप्रस वृक्ष लागतात. पूर्वापार ते बाहेरून आणावे लागत असल्याने १९२३ मध्ये देवस्थानाने आपल्याच वनात वृक्ष वाढवण्याची योजना आखली. मुदत दोनशे वर्षे. ती आखणाऱ्यांपैकी कोणीही ते खांब उभे राहिलेले पाहणार नव्हते. इसेचे चक्र आणि नाशिकचे चक्र एकाच जातीचे आहे : तारीख ठरलेली, गरज ठरलेली, श्रद्धा अढळ. तिथे चक्राने वन वाढवले, इथे चक्र वनावर येऊन आदळले.

सिंहस्थाबाहेरच्या कामांची स्थिती फार निराळी नाही. त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ हा स्मार्ट रस्ता जेमतेम १.१ किलोमीटरचा, त्याला दोन वर्षांहून अधिक लागली. नाशिक-पुणे अर्धद्रुतगती रेल्वेचा मार्ग खोडदच्या महाकाय दुर्बिणीपाशी अडला आणि पुन्हा आखला जाऊ लागला. नासर्डीचे नाव बदलून नंदिनी झाले. पाण्याचा रंग बदलायचा आहे. काझी गढी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्या गढीची माती दर पावसाळ्यात ढासळते, कडेच्या घरांना स्थलांतराच्या नोटिसा जातात, संरक्षक भिंतीची चर्चा होते आणि पाऊस ओसरला की तीही ओसरते. सांकळियांनी ज्या थरांत नाशिकचा आरंभ वाचला, ते थर असे हप्त्याहप्त्याने गोदावरीत जात आहेत.

२०२५ मध्ये राज्याने नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभमेळा प्राधिकरणाचा कायदा केला. स्वतंत्र यंत्रणा, विशेष अधिकार, एकहाती समन्वय. घाईच्या कामाला हे उपयुक्त ठरेल. पण त्या प्राधिकरणाची खरी कसोटी मेळा आटोपल्यावर लागेल. घाट, जलशुद्धीकरण केंद्रे, मलवाहिन्या, रुंद झालेले रस्ते यांच्या देखभालीचा वार्षिक खर्च किती आणि तो कोणत्या उत्पन्नातून येणार, हे आराखड्यात रकमेनिशी लिहिले पाहिजे. साधुग्रामाची जमीन रोख मोबदला देऊन एकदाच विकत घ्यावी. मधल्या अकरा वर्षांत ती मैदान, रोपवाटिका, शेतीबाजार म्हणून कमावती ठेवावी आणि तिचे उत्पन्न पुढच्या सिंहस्थासाठी राखून ठेवावे. झाडे लावायचीच, तर कडेने, मोजून, नकाशात दाखवून लावावीत. हे कोणत्याही परदेशी सल्लागाराकडून शिकण्याची गरज नाही. मुद्दल न मोडता व्याजावर वीस भिक्षूंचे चीवर भागवण्याचा आराखडा शहरापासून आठ किलोमीटरवर, खडकात कोरून ठेवलेला आहे.

ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी. नाशिकची अमृतस्नाने २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर २०२७ रोजी. आणि २०१७ मध्ये मंजूर झालेल्या विकास आराखड्यातील आरक्षणांची दहा वर्षेही त्याच २०२७ मध्ये पूर्ण होतात. साधू तपोवनात राहुट्या उभारतील, त्याच वर्षी जमीनमालकांना कलम १२७ ची नोटीस देण्याची मुभा मिळेल.